चाकामागचं फूल

इव्रेया, २० फेब्रुवारी १९९५

प्रिय देल्फिनो,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. चोवीस वर्षं म्हणजे काही थोडा काळ नाही. शेवटी तू माझा आतेभाऊ, आणि तुझा भाऊ रेमोही आतेभाऊच. एक गेला आणि दुसरा असून नसल्यासारखा झाला, हे दुःख मलाही आहे. घाटातल्या शर्यतीत रेमोच्या गाडीचं चाक निखळलं, कारण तू बोल्ट नीट आवळले नव्हतेस. हे सगळ्यांना माहीत आहे आणि मी ते उकरून काढणार नाही. माणसाकडून चूक होते. सकाळीच दोन पेले जास्त जातात. पोलिसांनी जेवढं विचारलं तेवढंच मी तेव्हा सांगितलं.

आता कामाचं. मी आता जुन्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष आहे. ४ जूनला इथल्या चौकात आमचा मेळा भरतो, आणि माझी लाल फुल्विया गाडी यंदा सुवर्णपट्टीसाठी उभी आहे. सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त परीक्षक चाकांवर अडले. हल्ली अलॉय चाकांच्या नकला इतक्या चांगल्या निघतात की समोरून बघून कोणी शपथ घ्यायला तयार नाही. ही चाकं ओतणाऱ्या तुमच्या ओतशाळेचे कागद नोव्हेंबरच्या पुरात वाहून गेले. तेव्हा तिथे काम केलेल्या माणसाचा दाखला हवा, आणि अशा माणसांपैकी धडधाकट तू एकटाच उरलास. माझ्यासाठी एवढं कर. मी मागचं विसरायला तयार आहे.

तुझा
ओत्ताव्हियो

---

कुओर्न्ये, १ मार्च

काव्हालिएरे ओत्ताव्हियो पेलिस्सेरो यांस,

आपलं पत्र पोचलं. सरकारने आपल्याला पदवी दिल्याचं पाकिटावरच छापलेलं आहे, त्यामुळे उठून उभं राहून वाचलं. आपण मागचं विसरायला तयार आहात हे वाचून तर ऊर भरून आला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता सरळ बोलतो. मी त्या दिवशी दारूला शिवलो नव्हतो. तू पोलिसांना सांगितलंस की देल्फिनोचे हात थरथरत होते, आणि त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर ह्या तालुक्यात मला कोणी सायकलचं चाकही घट्ट करायला दिलं नाही. आई गेली ती माझ्याशी न बोलता. रेमोच्या बायकोला, एर्सिलियाला, मी एकोणीस पत्रं लिहिली. एकोणीसही न उघडता परत आली. मी ती कपाटात ठेवली आहेत, कधी बघायला ये.

तरीही तुझी चाकं तपासून देतो. का, सांगू? ती नकली निघावीत आणि ते माझ्या हाताने लिहून द्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या काळी तू नकली चाकांवरच मिरवायचास, हे मी विसरलेलो नाही.

एकेक चाक काढ आणि काट्यावर ठेव. आमचं चाक मॅग्नेशियमचं, पाच किलोलाही भरत नाही. नक्कल अॅल्युमिनियमची, सातच्या आसपास. मग मागच्या बाजूला नखाएवढा रंग खरवडून तिथे व्हिनेगरचा थेंब सोड. मॅग्नेशियम लगेच फसफसतं, अॅल्युमिनियम ढिम्म राहतं. शेवटी, जिथे चाक गाडीला टेकतं त्या मधल्या भागाच्या मागच्या अंगाला पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घास. रंगाखालचे ठसे डोळ्यांना दिसत नाहीत, पेन्सिलीला दिसतात. चारही कागद पाठव. चाकं कधी घेतलीस, तेही लिही.

देल्फिनो

---

इव्रेया, १७ मार्च

प्रिय देल्फिनो,

तुझी जीभ अजून तशीच आहे. जाऊ दे, मी मोठा आहे, गिळतो.

तर ऐक. चार किलो आठशे, चारही चाकं, दहा-वीस ग्रॅमचा फरक. व्हिनेगर टाकलं तर असं फसफसलं की बायको म्हणाली, सॅलडवरचं व्हिनेगर वाया घालवू नका. आणि पेन्सिल घासल्यावर ओतकामाचा महिना निघाला: ऑक्टोबर १९७०. आता बोल!

एक गंमत मात्र कळली नाही. महिन्याच्या शेजारी चारही कागदांवर एक बारीकसं फूल उमटलं आहे. पाच पाकळ्या, त्यातली एक अर्धी तुटकी. फुलाखाली ठिपके: पहिल्या चाकावर एक, दुसऱ्यावर दोन, असे चारपर्यंत. हा तुमच्या तपासनिसाचा शिक्का का? तसं असेल तर दाखल्यात जरूर लिही. परीक्षकांना असलं काही फार आवडतं.

चाकं मी १९७०च्या डिसेंबरात नवी घेतली. तेव्हापासून ती माझ्याच गाडीवर आहेत.

ओत्ताव्हियो

---

कुओर्न्ये, २४ मार्च
(तीन पोस्टकार्डं, एकाच दिवशी टाकलेली)

१. एर्सिलिया, पाकीट तू उघडत नाहीस म्हणून पोस्टकार्डावर लिहितो. तू नाही वाचलंस तरी पोस्टमन वाचेल आणि तुला सांगितल्याशिवाय त्याला राहवणार नाही. तुला चामड्यावर नक्षी उठवायचा एक ठसा होता, आठवतो? फुलाचा. फरशीवर पडून त्याची एक पाकळी तुटली म्हणून तू रेमोशी पुरते दोन दिवस बोलली नव्हतीस.

२. तोच ठसा रेमोने तुझ्या पेटीतून गुपचूप आणला होता. मी त्याच्यासाठी ओतशाळेतून चार चाकं आणली होती, रंग लागायच्या आधीची. त्याने प्रत्येक चाकाच्या मागे ते फूल ठोकलं आणि मी खाली ठिपके मारले, कुठलं चाक गाडीच्या कुठल्या कोपऱ्याला ते कळावं म्हणून. तो म्हणाला, "बायको चारी चाकांवर बसली म्हणजे गाडी पळणारच." मग वरून रंग चढला. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

३. ती चाकं आज ओत्ताव्हियोच्या गाडीवर आहेत. त्याने स्वतः पेन्सिलीने घासून फुलं मला पाठवली. १३ जूनला सकाळी नऊ वाजता ह्याच चाकांचे बोल्ट मी रेमोच्या गाडीवर आवळले होते. दुपारी तीनला रेमो मेला तेव्हा त्याच्या गाडीवर दुसरीच चाकं होती. तो ठसा अजून आहे का तुझ्याकडे? एवढंच सांग. मग पुन्हा आयुष्यभर बोलू नकोस.

देल्फिनो

---

कुओर्न्ये, २५ मार्च

प्रिय ओत्ताव्हियो,

हरलो. तुझी चाकं अस्सल आहेत, आमच्या ओतशाळेतलीच, माझ्या हाताखालून गेलेली. ते फूल म्हणजे खास तपासणीची खूण. फार थोड्या चाकांवर असते. तू नशीबवान आहेस.

मागच्या पत्रात रागाच्या भरात काहीबाही लिहिलं, मनावर घेऊ नकोस. वय झालं. दाखला देतो, आनंदाने देतो. फक्त त्याला जोडायला तुझ्या अक्षरात आणि तुझ्या सहीने चाकांचा इतिहास हवा. कधी घेतली, दुसऱ्या गाडीला कधी लागली होती का, कुठल्या शर्यतीत धावली, सगळं. जितकं सविस्तर तितकं चांगलं.

आणि चाकं परत चढवताना हे पाळ. बोल्ट अस्सल मापाचेच घे, आणि प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून मोज. निदान आठ वेढे आत गेला पाहिजे, तरच पान्याने आवळ. शंभर किलोमीटर चालवून पुन्हा आवळ. माझ्याशी कितीही वैर असलं तरी ह्यात हयगय करू नकोस.

देल्फिनो

---

इव्रेया, १० एप्रिल

प्रिय देल्फिनो,

बघ, गोड बोललं की कामं कशी होतात! मला ठाऊकच होतं, रक्ताचं नातं कुठे जात नाही.

इतिहास वेगळ्या कागदावर लिहून सही करून जोडला आहे. "१९७०च्या डिसेंबरात नवी घेतली. दुसऱ्या कोणत्याही गाडीला कधीही लागली नाहीत. १३ जून १९७१ला ह्याच चाकांवर घाटाचा करंडक जिंकला." अपघातामुळे शर्यत थांबली तेव्हा माझीच वेळ सर्वांत कमी होती, हे तुला माहीत आहेच. रेमोचं नाव मी त्यात घातलेलं नाही. आनंदाच्या कागदावर कशाला?

दाखला मात्र माझ्याकडे पाठवू नकोस. पाकीट बंद करून थेट मेळ्याच्या निवेदिकेकडे पाठव. मालकाने दाखल्यात ढवळाढवळ करू नये म्हणून ते चौकातच, सगळ्यांसमोर फोडून मोठ्याने वाचायचं, असा आमचा नियम आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तो करून घेतला. तेव्हा भाषा जरा भारदस्त असू दे.

जेवायला ये त्या दिवशी. सारण भरलेल्या आन्योलोत्ती असतील.

ओत्ताव्हियो

---

व्हिजेव्हानो, २१ एप्रिल

देल्फिनो,

पोस्टमनने वाचलं. नुसतं वाचलं नाही, जिना चढून वर आला आणि म्हणाला, "बाई, बसून वाचा."

ठसा आहे. शिवणाच्या पेटीत, तळाशी. तुटकी पाकळी डावीकडची.

तुझ्यावर माझा विश्वास बसलेला नाही. एवढी वर्षं एका माणसाला शिव्याशाप दिल्यावर एका पोस्टकार्डाने ते पुसत नाहीत. पण कित्येक रात्री मी एकच गोष्ट आठवतेय. त्या दुपारी आम्ही सगळे घाटाखालच्या खानावळीत एका टेबलावर होतो. तू होतास, रेमो होता, ओत्ताव्हियो होता. ओत्ताव्हियो कॉफी यायच्या आधी उठला. म्हणाला, गाडीत तेल बघायचंय. मी रेमोला म्हणालेही होते की तुझ्या मामेभावाला काही रीतभात नाही, कॉफीच्या आधी टेबल सोडून कोण जातं! तेल बघायला किती वेळ लागतो? तो पाऊण तासाने आला आणि त्याचे हात धुतलेले होते.

गाड्या दोन्ही एकाच शेडमध्ये होत्या ना? आणि रेमोची मोडकी गाडी आठवड्याच्या आत भंगारात घालायची घाई कोणाला झाली होती? मी तेव्हा त्याचे आभार मानले होते, देल्फिनो. माझ्या डोळ्यांसमोर ती नको म्हणून त्याने धावपळ केली, असं मला वाटलं.

चाक निखळलं कसं ते सांग. मला समजेल असं सांग.

एर्सिलिया

---

कुओर्न्ये, २९ एप्रिल

एर्सिलिया,

तू पाकिटातून पाठवलंस म्हणून मीही पाकिटातून पाठवतो. हे पोस्टमनच्या कामाचं नाही.

रेमोची चाकं हलकी होती, ओत्ताव्हियोची नकली आणि जड. समोरून दोन्ही सारखी. त्याने शेडमध्ये रेमोची काढून आपल्याला लावली आणि आपली रेमोच्या गाडीला. करंडकासाठी. माझा अंदाज असा की शर्यत झाल्यावर गुपचूप परत बदलायचा त्याचा विचार असेल. पण त्या नकली चाकांचा मधला भाग चांगला बोटभर जाड असायचा. रेमोचे बोल्ट पातळ चाकाच्या मापाचे. ते जाड चाकातून पलीकडे जेमतेम दोन वेढे पोचले असतील. हाताला घट्ट लागतात, पान्यालाही घट्ट लागतात, आणि पाचव्या वळणावर सुटतात. आठ वेढ्यांचं काम दोन वेढे करत नाहीत, एवढंच.

मारायचा हेतू नव्हता, हे मी मान्य करतो. चोरी करायची होती. पण मग पुढे काय केलं? चाक का सुटलं हे जगात त्याला एकट्याला कळलं, आणि त्याने माझे हात थरथरवले. त्या हातांनी मी गेली चोवीस वर्षं काय केलं माहीत आहे? विटा वाहिल्या.

आता चाकं चढवायच्या सूचना त्याने मागितल्या नव्हत्या, तरी मी दिल्या आणि अगदी बरोबर दिल्या. नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. हात दोनदा थांबला, खोटं सांगत नाही. पण तो एखाद्या वळणावर मेला असता तर त्याच्या नावाने चौकात फुलं वाहिली असती आणि क्लबने पाटी लावली असती. मला तो जिवंत हवा आहे. दोन्ही पायांवर उभा, चौकाच्या मधोमध, कोट घालून.

दाखला त्याच्याच नियमाने बंद पाकिटात जाईल. त्यात मी एकही शब्द खोटा लिहिलेला नाही, शिवी नाही, आरोपही नाही. फक्त बोल्ट आखूड पडले हे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते त्याच्याशिवाय आणि आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि तसंच राहू दे. तू कोणाजवळ बोलू नकोस. अळीमिळी गुपचिळी.

मी येणार नाही. मी दिसलो की म्हणतील, दारुडा जुनं उट्टं काढायला आला. तू जा. ठसा घेऊन जा.

देल्फिनो

---

व्हिजेव्हानो, ६ जून

देल्फिनो,

परवा झालं ते आज लिहितेय. काल लिहिता आलं नाही.

चौकात शंभरेक गाड्या होत्या. तो निळ्या कोटात, छातीवर बिल्ला लावून उभा. मला बघून गालाचे मुके घ्यायला पुढे आला आणि मी ते घेऊ दिले. निवेदिका शाळेतली बाई आहे, आवाज खणखणीत. आधी तिने त्याचा इतिहास वाचला. दुसऱ्या गाडीला कधीही लागली नाहीत, ह्याच चाकांवर करंडक, वगैरे. टाळ्या पडल्या. मग तुझं पाकीट फोडलं. "ही चारही चाकं अस्सल आहेत. मी ती स्वतः घासून तयार केली. १९७०च्या नोव्हेंबरात ती माझा भाऊ रेमो याच्या गाडीला बसवली. प्रत्येकाच्या मागे त्याने आपल्या बायकोच्या ठशाने फूल उठवलं आहे. १३ जून १९७१ला सकाळी नऊ वाजता ती रेमोच्या गाडीवर होती. त्या दुपारी ती त्याच्या गाडीवर नव्हती." बाई वाचता वाचता हळू झाली, पण थांबली नाही. शिकवणाऱ्या बायकांचं हेच बरं, हातात घेतलेला धडा पुरा करतात.

ओत्ताव्हियो हसला. म्हणाला, "देल्फिनोला तुम्ही ओळखता. सकाळपासून बाटली उघडतो, बिचारा." आणि लोकही हसले, देल्फिनो. मी चोवीस वर्षं त्या लोकांत होते.

मी पुढे जाऊन म्हटलं, चाक काढा. तो म्हणाला, हा क्लबचा अपमान आहे. तेव्हा परीक्षकांतला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा कोट काढून गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "अध्यक्षमहाशय, नियम तुमचाच, मालकाने मधे पडायचं नाही. बाईंना शंका घ्यायचा हक्क आहे." त्याने चाक काढून माझ्या शालीवर पालथं ठेवलं. मी नखाने रंग काढला. पिशवीतून ठसा काढून फुलावर टेकवला. तो आत जाऊन बसला. बाजूला सरकवून पाहिला, सरकेना. तुटक्या पाकळीला तुटकी पाकळी. म्हाताऱ्याने स्वतः करून पाहिलं, मग निवेदिकेने.

दोघांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरांना तो घाबरला. माझ्याकडे वळून म्हणाला, "एर्सिलिया, चार तासांसाठी घेतली होती ग. त्याचे बोल्ट पुरणार नाहीत हे मला कुठे माहीत होतं!"

बोल्टांबद्दल चौकात कोणीही चकार शब्द काढलेला नव्हता.

मी त्याला माइकपाशी नेलं. हाताला धरून नेलं. म्हटलं, देल्फिनो त्या दिवशी प्यायला होता का, तेवढं सांग. तो पुटपुटला. मी म्हटलं, मोठ्याने. त्याने सांगितलं. मी म्हटलं, त्याचे हात थरथरत होते का? तेही त्याने सांगितलं. मग तो माझ्यासमोर रडला, क्षमा कर म्हणाला. मी त्याला म्हटलं, चोवीस वर्षांनी विचार, तोपर्यंत मी विचार करते. तो अडुसष्टचा आहे. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

चाकं मी मागितली. चारही आता माझ्या दुकानात आहेत. त्याची गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चौकातच उभी होती, आम्ही निघालो तेव्हाही.

आता तुझं. सासूबाई तुझं नाव न घेता गेल्या, ते माझ्यामुळे. मीच त्यांना रोज सांगायचे. तुझ्याकडे काय मागू?

एर्सिलिया

---

कुओर्न्ये, ११ जून

एर्सिलिया,

तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. तो भाग, जिथे तो घाबरतो, तो तर नऊ वेळा.

लोक म्हणतात, सूड उगवून पोट भरत नाही. ज्यांनी उगवला नाही तेच असं म्हणत असतील. माझं भरलं. सोमवारी मी बाजारात गेलो. तिथे गॅरेजवाला, जो गेल्या चोवीस वर्षांत माझ्या नमस्काराला मान हलवत नव्हता, तो म्हणाला, "देल्फिनो, जरा ह्या गाडीचं पुढचं डावं चाक बघतोस?" मी म्हटलं, माझे हात थरथरतात. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग मी बघून दिलं, एक बोल्ट खरोखरच सैल होता. घरी येऊन मक्याची पोलेंटा केली, दोनदा वाढून घेतली, आणि मग रेमोसाठी रडलो. इतकी वर्षं रडायलाही सवड नव्हती, स्वतःची बाजू मांडण्यातच गेली.

आता तू विचारतेस काय मागू. खरं सांगू? ओत्ताव्हियोवरचा माझा राग त्या रविवारी संपला. तो भित्रा होता आणि भित्र्यासारखा वागला. तुझ्यावरचा संपलेला नाही. तू रेमोची बायको, माझ्या हातचं काम तू बघितलेलं. तुझ्या लग्नातल्या टेबलाचे पाय मी सरळ केले होते. तुला एकदाही वाटलं नाही की हा माणूस बोल्ट सैल ठेवणार नाही? आईच्या शेवटच्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. आतून तुझा आवाज येत होता.

हे कागदावर फिटणारं नाही. रविवारी ये. गळ्यात पडायला येणार असशील तर गाडीभाडं वाया घालवू नकोस. भांडायला ये. माझ्याकडे चोवीस वर्षांचं साठलेलं आहे आणि ऐकून घेणारं माणूस तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

देल्फिनो